नव्या शिक्षकाच्या हाती कविता

(तारोडी, मीरा-भाईंदर येथे नवनियुक्त शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपणांपैकी बहुतेकांची नेमणूक अलीकडची आहे. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि रोजचे पाठ टाचण ह्यांच्या वह्या आपण नुकत्याच भरू लागला आहात. ह्या वह्यांत एका कवितेच्या वाट्याला साधारणतः दोन तासिका येतात. पहिल्या तासिकेत शिक्षक कविता वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देतात आणि कडव्यामागून कडव्याचा सरळ अर्थ सांगतात. दुसऱ्या तासिकेत स्वाध्यायाची उत्तरे होतात आणि वहीत 'घटक पूर्ण' असा शेरा पडतो. मुलांच्या वहीत अर्थ उतरलेला असतो खरा. परंतु पंधरवड्याने विचारावे, तर कवितेतला एखादा शब्दही त्यांच्या कानांत शिल्लक नसतो.

मी माहिती खात्यातला माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो, शिक्षणशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु मजकूर संक्षिप्त करणे हे आमचे रोजचेच काम. एखादी योजना, एखादा समारंभ, एखादी आपत्ती पंधरा ओळींत बसवावी लागते. त्या सवयीवरून एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. सारांश करताना जे पहिल्याने गळून पडते, नेमके तेच कवितेत मुख्य असते. बोलणाऱ्याचा आवाज, सांगण्याचा क्रम, मध्येच घेतलेला थांबा, एखाद्या साध्या शब्दाची जागा ह्यांपैकी सारांशात काहीही उरत नाही. वर्गात शिरताच कवितेचा अर्थ सांगून टाकणारा शिक्षक मुलांच्या हाती प्रसिद्धिपत्रक ठेवतो, असे मी म्हटले तर राग मानू नये.

तेव्हा आज एकच कविता घेऊन तिच्याभोवती सात तासिकांचा घटक कसा बांधता येईल, एवढेच बोलतो. कविता आहे कुसुमाग्रजांची 'कणा'. आपल्या इयत्तेच्या पुस्तकात ती असो वा नसो, सहावी ते नववीच्या कोणत्याही वर्गात ती चालते. एक माजी विद्यार्थी भर पावसात आपल्या सरांच्या घरी येतो. कपडे चिखलाने भरलेले, केस भिजलेले. नदी घरात शिरली होती. पुराचे वर्णन तो रडून करत नाही. माहेरी आलेल्या लेकीचे करावे तसे हसत हसत करतो. घर गेले, संसार गेला, बायको तेवढी वाचली. आता नवरा-बायको मिळून घर पुन्हा उभे करीत आहेत. सर खिशाकडे हात नेतात, तेव्हा तो उठतो आणि पैशाला नको म्हणतो. त्याला हवे असते ते पाठीवर हात ठेवून दिलेले धीराचे बोल. कविता तिथेच थांबते.

ही कविता निवडण्याचे पहिले कारण असे, की तिच्यात शिक्षक आहे, आणि तो एक शब्दही बोलत नाही. नव्या शिक्षकाने एवढे जरी ध्यानात घेतले, तरी त्याच्या नियोजनातील निम्म्या चुका टळतील. दुसरे कारण ह्या किनाऱ्याचे आहे. घरात पाणी शिरणे म्हणजे काय, हे मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, तारोडी आणि उत्तन ह्या पट्ट्यातील मुलांना पुस्तकातून समजावे लागत नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस त्यांच्या आईवडिलांनी पाहिला आहे. १७ मे २०२१ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलेले तौक्ते चक्रीवादळ तर मोठ्या मुलांना स्वतःला आठवते. हे छापील भाषण वाचणारे शिक्षक चिपळूणचे असतील तर त्यांना २२ जुलै २०२१ आठवेल, सांगली-कोल्हापूरचे असतील तर २०१९ चा ऑगस्ट आठवेल. जिथे पूर नाही, दुष्काळच आहे, तिथे ही कविता घटकाच्या केंद्रस्थानी ठेवू नये. त्या गावाच्या अनुभवाची दुसरी शोधावी. घटक नियोजनाचा आरंभ पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून न करता गावातून करावा, हा माझा आग्रह आहे.

आता तयारीविषयी. ही कविता वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकाला एक माहिती हवी. कवितेत जी गंगा येते, ती उत्तरेकडची गंगा असे मुले धरून चालतात. कित्येकदा शिक्षकही तसेच सांगतात. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९), नाशिकचे. नाशिकचा माणूस गोदावरीलाच गंगा म्हणतो. गंगेवर जाऊन येतो, असे तो म्हणाला तर ती काशीची यात्रा नसते, घरापासून हाकेच्या अंतरावरचा घाट असतो. पूर किती चढला हे तिथे अजूनही दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, असा तो हिशेब असतो. एवढे कळले म्हणजे कवितेतील आपलेपणाचा उलगडा होतो. नदी परकी नाही, घरचीच आहे. म्हणूनच तिच्या येण्याला लेकीच्या माहेरपणाची उपमा शोभते, आणि म्हणूनच ती उपमा इतकी बोचते. मुलांना हे सांगायचे, परंतु पहिल्या दिवशी नव्हे.

पहिल्या तासिकेत पुस्तक उघडू नये. शिक्षकाने कविता दोनदा मोठ्याने वाचावी. पाठ असल्यास उत्तम. दोन वाचनांमध्ये मिनिटभर शांतता असू द्यावी. नव्या शिक्षकाला ह्या शांततेची भीती वाटते, हे मी जाणतो. वर्ग गप्प बसला की आपण काहीतरी बोललेच पाहिजे असे त्याला वाटते. ते टाळावे. चाल लावण्याचाही मोह आवरावा. अलीकडे सर्व कवितांना, त्यातही एखाद्या लोकप्रिय चित्रपटगीताची, चाल लावण्याचा प्रघात पडला आहे. बडबडगीताला ती शोभते. 'कणा' ही बोलण्याच्या लयीत चालणारी कविता आहे. तिला गाण्यात बसवली की दारात उभा राहिलेला तो ओला माणूसच नाहीसा होतो. वाचन झाल्यावर प्रश्न एकच विचारावा : कोण कोणाशी बोलत आहे? वरवर सोपा वाटणारा हा प्रश्न पुष्कळ वेळ पुरतो. येथे बोलणारा एक आहे, ऐकणारा एक आहे, आणि हे सारे पाहून आपल्याला सांगणारा तिसराही कोणी आहे. की ऐकणारा आणि सांगणारा एकच? वर्गात दोन तट पडले तर पडू द्यावेत. निवाडा त्याच दिवशी देण्याची गरज नाही.

दुसऱ्या तासिकेला पुस्तक अथवा फळ्यावर लिहिलेली कविता समोर यावी आणि मुलांनी ती जोडीने वाचावी. एकाने पाहुण्याचे बोलणे वाचावे, दुसऱ्याने मधली वर्णने. सरांच्या भूमिकेतील मुलाला बोलायला काहीच नसते. त्याने नुसते बसायचे, ऐकायचे आणि योग्य वेळी खिशाकडे हात न्यायचा. तो हात केव्हा न्यायचा ह्यावर मुले जितका वाद घालतात, तितकी बारकाईने ती कविता वाचतात. कठीण शब्दांचे अर्थ ह्याच वेळी, अडेल तिथे, सांगून मोकळे व्हावे.

तिसरी व चौथी तासिका हा घटकाचा गाभा. नेमक्या ह्याच तासिका पोर्शनच्या धाकाने कापल्या जातात. दुसरी तासिका संपताना मुलांना घरचे काम द्यावे : आजीला, आजोबांना, वडिलांना विचारून या, पाणी घरात आले होते तेव्हा काय झाले, आणि ते जसे सांगतील तसेच, त्यांच्याच शब्दांत, लिहून आणा. 'त्यांच्याच शब्दांत' ह्यावर जोर द्यावा. ह्या किनाऱ्यावर कोळी, आगरी, भंडारी अशी घरे आहेत. कित्येक पिढ्यांपासूनची ख्रिस्ती घरे आहेत. त्यांची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी आहे, तिचा हेल वेगळा आहे. पाण्याविषयी आणि वाऱ्याविषयी ह्या घरांपाशी जितके शब्द आहेत, तितके आपल्यासारख्या पदवीधरांपाशी नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणावे, अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग म्हणावे, हे डोल जाळे लावणाऱ्याच्या मुलीला शिकवावे लागत नाही. बोंबील वाळत घालायची वलांडी वादळात कशी आडवी होते, हे तिने पाहिलेले असते. मिठागर आणि खाजण ह्यांतील फरक तिला पायांनी माहीत असतो.

आणि हीच मुलगी वर्गात बोलत नाही. तोंड उघडले की शेजारची मुले हसतात, आणि शिक्षक, चांगल्या हेतूनेच, तिचे वाक्य 'शुद्ध' करून देतात. दोनतीनदा असे झाले की ती हात वर करणे सोडते. पुढे मराठीच्या तासाला गप्प बसणे ही तिची सवय होते, आणि 'भाषेत कच्ची' असा शेरा तिच्या प्रगतिपत्रकावर बसतो. जिच्या घरी शब्दांचे भांडार आहे, तिला आपण शब्दांची वाण असलेली ठरवतो. शाळेत कवितेचा घटक कशासाठी, ह्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे उत्तर येथे आहे. निबंधात, पत्रलेखनात तिची बोली चुकीची ठरेल. कवितेच्या तासाला तीच भांडवल ठरते. तिने आणलेला शब्द फळ्यावर लिहावा, त्याखाली पुस्तकातला शब्द लिहावा, आणि कवितेत कोणता शोभेल हे वर्गाला विचारावे. दोन्ही शब्द मराठीच आहेत, हे वर्गासमोर फळ्यावर दिसले पाहिजे.

हा विचार नवा नाही. आपल्याच किनाऱ्यावर उत्तरेला, तेव्हाच्या ठाणे आणि २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्या कामातून आले. शाळेचे साहित्य मुलाच्या परिसरातूनच गोळा करायचे, हे तिथले सूत्र होते. खडे, बिया, शिंपले हे साहित्य असेल, तर घरात बोलली जाणारी भाषा हेही साहित्यच आहे.

येथे एक सावधगिरी सांगतो. ती टाचणात लाल शाईने लिहून ठेवावी. वर्गात असे एखादे मूल असू शकते की ज्याच्या घरचे माणूस समुद्रावरून परत आले नाही, किंवा ज्याचे घर खरोखरच गेले आहे. घटक सुरू करण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडे, जुन्या शिक्षकांकडे चौकशी करून ठेवावी. अशा मुलाला सांगण्याची सक्ती करू नये, आणि त्याच्याकडे मुद्दाम पाहूही नये. त्याला दुसऱ्याची हकिकत लिहून आणण्याची मुभा असावी. कवितेतला माणूस स्वतःहून सरांकडे आला होता. सर त्याच्याकडे चौकशीला गेले नव्हते.

आणखी एक प्रश्न आपल्या मनात असणार. मीरा-भाईंदरच्या वर्गात मराठी घरांतलीच मुले नसतात. गुजराती, हिंदी, उर्दू, कन्नड बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी शेजारी बसतात, आणि २०२० च्या अधिनियमाने सर्व मंडळांच्या व सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाल्यामुळे ह्या मुलांची संख्या मराठीच्या तासाला वाढली आहे. गद्य पाठाच्या तिसऱ्या ओळीलाच ही मुले मागे पडतात. कवितेत तसे होत नाही. कविता लहान असते, पुनःपुन्हा ऐकली जाते, आणि अर्थ लागण्यापूर्वीच तोंडात बसते. अशा मुलाला पहिल्या दिवशी सरांची मूक भूमिका द्यावी. तो कवितेत असतो, ऐकत असतो, आणि चुकण्याची भीती त्याला नसते. तिसऱ्या दिवशी तो पाहुण्याच्या चार ओळी म्हणू लागेल. त्याच्या आजीने बिहारच्या किंवा कच्छच्या पाण्याविषयी सांगितलेली हकिकत त्याने मोडक्यातोडक्या मराठीत आणली, तर ती फळ्यावर सर्वांत वर लिहावी.

पाचव्या तासिकेत 'कणा'च्या शेजारी दुसरे काही ठेवावे. दुसरी छापील कविता ठेवता येईल. बहिणाबाई चौधरींची घेता येईल. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली, एवढे सांगितले तरी घरची अक्षरशत्रू आजी मुलांना वेगळी दिसू लागते. परंतु ह्या भागात माझी पसंती लग्नगीतांना आहे. आगरी लग्नात धवलारीण धवळे गाते. हाच 'धवळे' शब्द मराठीची आद्य कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदंबेच्या, तेराव्या शतकातील रचनेचे नाव आहे. तीही लग्नाचीच गाणी आहेत. शेजारच्या ख्रिस्ती घरांच्या मुलांना फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे नाव सांगावे. हा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याने ओवीछंदात रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. जात्यावर बसणाऱ्या बाईची ओवी, ज्ञानेश्वरीची ओवी आणि ह्या परदेशी पाद्र्याची ओवी ह्या एकाच घराण्यातल्या, असे कळल्यावर छंदाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही. मुलांनी टाळीच्या ठेक्यावर ओवी मोजावी. मात्रांचा विषय पुढच्या इयत्तेसाठी ठेवावा.

सहाव्या तासिकेत लेखन. 'कवितेचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा' हा प्रश्न येथे विचारू नये. कविता जिथे थांबते तिथून पुढे जावे. सरांनी हात ठेवला का? ते काय म्हणाले? दार लावून घेतल्यावर ते एकटे असताना त्यांच्या मनात काय आले? किंवा बाजू पालटावी : घरी चिखल उपसत थांबलेल्या त्याच्या बायकोने ही हकिकत सांगितली असती, तर ती हसत सांगितली असती का? हा शेवटचा प्रश्न मुलींच्या हाती दिला, की पुरुष कवीच्या कवितेत न आलेली बरीच माहिती बाहेर येते. आठ-दहा ओळी पुरेत. यमक जुळलेच पाहिजे असे सांगू नये. ते सांगितले की मुले अर्थ सोडून यमकामागे धावतात.

गुणांचे काय, हा प्रश्न अधिकाऱ्यांकडून येईल आणि तो रास्त आहे. २०१० पासून आकारिक मूल्यमापनाची जी साधने शिक्षकांच्या परिचयाची झाली, त्यांत दैनंदिन निरीक्षण आहे, तोंडी काम आहे, उपक्रम आहे, प्रकल्प आहे. ह्या घटकातील प्रत्येक पायरी त्यांपैकी कशात ना कशात बसते. वेगळी चाचणी घेण्याचे कारण नाही. जोडीने केलेले वाचन तोंडी कामात धरावे, घरून आणलेली हकिकत प्रकल्पात. नोंद करताना 'चांगला', 'बरा' असे न लिहिता मुलाने काय केले ते एका वाक्यात लिहावे. 'भांगाची भरती हा शब्द आणला व वर्गाला समजावून दिला' ही नोंद आठ महिन्यांनंतरही उपयोगी पडते. वर्गभेटीला येणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांना माझी विनंती अशी, की कितवा पाठ चालू आहे हे विचारण्यापूर्वी एखाद्या मुलाला एक कविता म्हणायला सांगावे, आणि ती संपेपर्यंत खाली बसून ऐकावी. ग्रामपंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद ह्यांना फार काही करावयाचे नाही. गावातल्या ज्या वृद्ध स्त्रियांना गाणी येतात, त्यांना शाळेत आणून बसवणे हे काम शिक्षकापेक्षा तेच अधिक सहज करू शकतात. त्या संकोचतात; ओळखीच्या माणसाने बोलावले तर येतात.

सातवी तासिका मुलांनी लिहिलेले वाचण्यासाठी. ते सर्व एका हस्तलिखितात बांधावे. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. रोजचे दैनिक आपल्याकडून होणार नाही. वर्षाला चाळीस पानांची एक वही होईल. त्यात घरच्यांच्या हकिकती बोलीत जशाच्या तशा राहू द्याव्यात, शुद्धलेखन फक्त मुलांच्या स्वतःच्या मजकुराचे तपासावे. एक प्रत शाळेत, एक गावच्या वाचनालयात ठेवावी.

वाचनाची वेळ मात्र काळजीपूर्वक ठरवा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, नावा शाकारून ठेवलेल्या असतात आणि वडीलमंडळी जाळी विणत घरीच असतात. शाळाही जूनच्या मध्यालाच सुरू झालेली असते. म्हणून हा घटक पहिल्या सत्राच्या अगदी आरंभी, जुलैत घ्यावा. पुस्तकात कविता दहाव्या क्रमांकावर असली तरी हरकत नाही. तेवढा फेरबदल घटक नियोजनात करता येतो. सातवी तासिका शनिवारी ठेवावी आणि पालकांना बोलवावे. नारळी पौर्णिमेनंतर ती ठेवली, तर ज्यांचे शब्द त्या वहीत आहेत ते किनाऱ्यावर सापडणार नाहीत.